पायाळूचं झाड

व्यापाऱ्याने पेरूचे अकरा क्रेट उघडून बघितले आणि अकराही परत गाडीत चढवायला लावले. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण भोवती चार माणसं उभी असली की त्याच्या जिभेला धार यायची. त्याने एक पेरू दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला.

"पावडर लावून आणलेत बघा! लग्नाला निघालेत वाटतं!"

चार माणसं हसली. आत्याचा मुलगा हसला नाही. त्याने क्रेट चढवले, दोरी आवळली आणि वाटेत पाणी प्यायलाही न थांबता गाडी सरळ घरी आणली.

आत्या ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. सून बादलीत फवारणीचे कपडे भिजवत होती. मुलगा गाडीतून उतरला, क्रेट तसेच राहू दिले आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "आई, बाग काढायची."

आत्याचा हात गुडघ्यावर थांबला.

"जेसीबीवाल्याशी बोलून आलोय. त्याचं रस्त्याचं काम चालू आहे. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला मोकळा होतोय. बाग काढायची, जमीन सपाट करायची आणि कोंबड्यांची शेड टाकायची."

"कोण जेसीबीवाला?" आत्याने विचारलं.

मुलाने मान दुसरीकडे वळवली. "पायाळू."

"म्हणजे स्वतःचं झाड स्वतःच उपटणार म्हण की!"

हे समजायला आत्या कोण ते कळायला हवं. आत्या सुईण. गावात चाळीस वर्षं जे कोणी जन्माला आलं ते आधी आत्याच्या हातात आलं. बाळंतपणाचं तिने कधी काही मागितलं नाही. तिची एकच अट असायची, बारशाच्या आत पेरूचं एक रोप आणून द्यायचं. लोकांना वाटायचं बाई वेडी आहे, पण रोप देणं कोणालाच जड नव्हतं. विहिरीकडच्या पडीक तुकड्यात आत्या ती रोपं लावत गेली. काही जगली, काही मेली. आता एकशे बारा झाडं उभी होती आणि आत्याला ती झाडं म्हणून ठाऊकच नव्हती. हे मास्तरांच्या जुळ्यांपैकी एकाचं, दुसऱ्याचं मेलं. हे शिंप्याच्या मधलीचं, जन्मली तेव्हा रडायलाच तयार नव्हती. आणि विहिरीच्या कोपऱ्यातलं ते गवंड्याच्या मुलाचं. तो पायांकडून बाहेर आला म्हणून त्याचं नाव पायाळू पडलं. शाळेत त्याचं दुसरं काही नाव होतं, पण ते त्यालासुद्धा फारसं आठवत नसावं.

बागेला दोन वर्षांपूर्वी पिठ्या ढेकूण लागला. आधी देठापाशी कापसाचे ठिपके दिसले, मग फांद्या कणकेत लोळवल्यासारख्या झाल्या. पिठ्या झाडाचा रस पितो आणि मागून गोड चिकट पाणी सोडतो. त्या चिकटावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या तर काय, जेवणावळ बसल्यासारख्या रांगा लावतात. पानाला हात लावला की हात पानालाच चिकटायचा. मुलाने चार औषधं फवारली. पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर, त्याला काही झालं नाही. झालं ते मुलालाच. गेल्या उन्हाळ्यात पाठीवर पंप घेऊन फवारता फवारता तो वाफ्यात आडवा झाला. सुनेने पट्टे कापून त्याला पंपातून सोडवलं. तेव्हापासून त्याच्या तळहाताची साल निघायची आणि सकाळी खोकला आला की भिंतीला धरून उभं राहावं लागायचं.

म्हणून तो आता आईकडे न बघता म्हणाला, "मला पुन्हा पंप उचलायचा नाही. एवढंच."

आत्याने तेलाची वाटी उचलली आणि आत गेली.

उपाय सुनेने आणला. तालुक्याला बियाणं आणायला गेली असताना तिथल्या शेती केंद्रात तिने एक बाई बघितली होती. बंद खोलीत लाल भोपळे मांडून ती त्यांच्यावर मुद्दाम पिठ्या पोसत होती. सुनेला आधी वाटलं होतं, शिकलेली असून कशी ही बुद्धी! मग तिने विचारलं आणि कळलं, की त्या पिठ्यावर भुंगेरे पोसतात आणि ते भुंगेरे बागेत सोडतात. पिठ्या खाणं एवढा एकच उद्योग त्यांना येतो.

"किड्यावर किडा सोडायचा?" मुलगा म्हणाला. "एक पाहुणा जात नाही म्हणून दुसरा बोलावायचा."

"तीस तारखेपर्यंत बाग तशीही उभीच आहे ना?" सून म्हणाली. "मग उभी आहे तोवर उपायावाचून तरी का ठेवायची?"

त्याच महिन्याच्या पाच तारखेला केंद्रातली ती बाई आली. सगळे तिला कीडताई म्हणायचे. तिच्या हातात दोन खोके होते आणि पोट खोक्यांच्याही पुढे होतं. आत्याने खोक्यांकडे बघितलंच नाही.

"कितवा?"

"नववा लागलाय, आत्या."

"तारीख कोणती दिली?"

"पुढच्या महिन्याची दहा."

आत्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली. "तारीख चुकलीये तुझी. पोट खाली उतरलंय. याच महिन्यात होशील. प्रवास बंद कर."

कीडताई हसली. डॉक्टरांनी यंत्रावर बघून तारीख दिली होती. तिने खोकं उघडलं. आत कागदाच्या कातरणांत मसुराएवढे काळे भुंगेरे फिरत होते. डोकं नारिंगी, शेपटाकडचं टोकही नारिंगी, मधलं सगळं काळं. एक तिच्या बोटावर चढला, टोकापर्यंत गेला, पाठीची ढाल उघडून उडाला आणि थेट शिंप्याच्या मधलीच्या झाडावर बसला.

"हे पिठ्याच्या कापसात अंडी घालतील," ती म्हणाली. "चार-पाच दिवसांत अळ्या निघतील. खाण्याचं खरं काम अळ्याच करतात. मोठ्या झाल्या की आडोसा बघून कोष करतात. कोषातून पुन्हा भुंगेरा. एक महिन्यात एक फेरा पुरा. तोवर फवारायचं नाही, काहीही झालं तरी. आणि बुंध्याला चिंध्या बांधून वर ग्रीस फासा. मुंग्या पिठ्याची राखण करतात, त्यांना वर जाऊ द्यायचं नाही. बाकीचं मी सतरा तारखेला येऊन दाखवते."

पुढचे दोन दिवस घरातल्या जुन्या चादरी फाडण्यात गेले. एकशे बारा बुंधे, एकशे बारा पट्ट्या. सून पट्टी गुंडाळायची, मुलगा वरून ग्रीस फासायचा आणि आत्या मागून येऊन गाठ ओढून बघायची. मुलगा कामात कुठे कमी पडला नाही. फक्त तिसऱ्या दिवशी त्याने चुन्याचं घमेलं आणलं आणि शेडच्या पायाची पांढरी रेघ आखली. रेघ बागेच्या बरोबर मधून गेली. आत्या त्या रेघेवरून चालताना पाय उचलून चालायची.

सतरा तारीख आली. कीडताई आली नाही. फोन लागला नाही. आणि त्याच सकाळी सुनेला मास्तरांच्या झाडावर ते दिसलं.

पिठ्याच होता, पण असा पिठ्या तिने पाहिला नव्हता. नेहमीच्या दुप्पट मोठा आणि अंगावर कापसाचे लांब लांब झुपके. एक नव्हता, फांदीवर दहा-बारा होते. शेजारच्या झाडावर तेवढेच, त्याच्या पुढच्यावर त्याहून जास्त. आत्याने चष्मा पुसून बघितलं.

"ही नवीनच जात आलीये."

"भोपळ्यांबरोबर आली असेल," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "भुंगेरे राहिले बाजूला. मोठा पिठ्या मात्र घरपोच मिळाला."

"अळ्या कुठे आहेत मग?" आत्याने विचारलं.

सगळ्यांनी अळ्या शोधल्या. अळी म्हटल्यावर तिघांच्याही डोळ्यांपुढे जी यायची ती हिरवी, गुबगुबीत, कोबीत सापडते तशी. तसली एकही सापडली नाही.

"काय करायचं आत्या? ताईंनी फवारू नका म्हणून सांगितलंय."

आत्याने पदर खोचला. जन्मभर तिचा दोन गोष्टींवर विश्वास होता, गरम पाणी आणि साबण. "फवारू नका म्हणाली. पुसू नका म्हणाली का?"

तीन दिवस त्यांनी बाग पुसली. साबणाच्या पाण्याच्या बादल्या, हातात फडकी. मुलगा शिडीवर, सून स्टुलावर, आत्या खालच्या फांद्यांना. आत्या बाळाला न्हाऊ घालावं तसं झाड पुसायची आणि दोघांनाही तसंच करायला लावायची. "सांध्यात बघ. पानामागे बघ. वरवर फडकं फिरवू नकोस, तिथेच लपून बसतात." माना आखडल्या. सुनेची बोटं साबणातल्या सोड्याने फाटली आणि मुलाच्या तळहातांची उरलेली साल निघाली. तरी रोज अंधार पडायच्या आत चाळीस झाडं व्हायची आणि ती चाळीस झाडं दोन वर्षांत पहिल्यांदा जरा हिरवी दिसायची. तिसऱ्या दिवशी जेवायला बसताना मुलगासुद्धा म्हणाला, "बरी दिसतेय, नाही?" आत्याला इतका आनंद झाला की तिने त्याला नको म्हणत असताना दोनदा वाढलं.

एकच झाड पुसायचं राहिलं, पायाळूचं. त्याच्या मधल्या फांदीवर गांधीलमाशांचं पोळं होतं. मुलगा शिडी घेऊन गेला आणि कानावर एक डंख घेऊन परत आला. "राहू दे ते," तो कान चोळत म्हणाला. "मरू दे."

"जन्मला तेव्हाही असाच," आत्या म्हणाली. "दोन दिवस कोणाला जवळ येऊ दिलं नव्हतं."

आठ दिवसांनी पुसलेली बाग पुन्हा पांढरी व्हायला लागली. सांध्यांत लपलेला पिठ्या बाहेर आला. पुन्हा चिकटा, पुन्हा बुरशी. मुलाने शेडच्या पायाच्या रेघेवर पुन्हा एकदा चुना टाकला. आत्याला तो चुना तोंडावर टाकल्यासारखा लागला.

अठ्ठावीस तारखेला आत्या विहिरीवर पाय धुवायला गेली आणि पायाळूच्या झाडाखाली थांबली. डोक्यावर गांधीलमाशा घोंघावत होत्या. तिने अंग चोरून एक खालचं पान तोडलं आणि अंगठा आणि बोटात धरून चोळलं. अंगठा सरकला. तिने दुसरं पान तोडलं. तेही सरकलं. फांदीवर पिठ्याच्या रिकाम्या कापसाचे पुंजके होते, फुंकलं की उडत होते. आणि ती मोठी, झुपकेवाली जात? ती होती, चार-पाच ठिकाणी. पण ती बसलेली नव्हती. फांदीवरून तुरुतुरु चालत होती.

पिठ्या कधी असा चालत नाही. तो एकदा तोंड रोवून बसला की बसला.

"अगं, पेला आण!" आत्या ओरडली. "काचेचा आण!"

सून पेला आणि बशी घेऊन धावत आली. आत्याने बशीत पिठ्याने भरलेली एक काडी ठेवली. काडीवर सतरा ढेकूण होते, सुनेने मोजले. त्यात झुपकेवाला एक सोडला आणि वरून पेला पालथा घातला. दोघी ओट्यावर बशीसमोर बसल्या. भात करपला, तरी कोणी उठलं नाही. झुपकेवाला पहिल्या ढेकणापाशी गेला, तोंड लावलं आणि ढेकूण हळूहळू चपटा झाला. मग दुसरा. दुपार कलली तेव्हा काडीवर सहा उरले होते.

आत्या अगदी हळू म्हणाली, "आपण काय पुसलं गं?"

सुनेने तोंडाला पदर लावला.

फोन आता लागला. कीडताईचा आवाज ओढलेला होता आणि मागे कोणीतरी बारीक रडत होतं. आत्याचे कान लगेच तिकडे गेले.

"काय झालं?"

"मुलगी. सोळा तारखेलाच. तुम्ही म्हणालात तसंच झालं, आत्या. म्हणून येता आलं नाही. कळवायचं राहिलं, मला कशाची शुद्धच नव्हती."

"असू दे, असू दे. दूध पितेय ना? ते आधी सांग." मग आत्याने पेल्याकडे बघितलं. "बरं, आणि ते भुंगेऱ्यांचं पोर दिसतं कसं?"

"अगदी पिठ्यासारखं. कापसाचे झुपके असतात, लांब. मी भोपळ्यावरच दाखवायला हवं होतं, चुकलंच माझं. पिठ्याला आणि मुंग्यांना ओळखू येऊ नये म्हणून ते पिठ्याचंच सोंग घेतं. त्यांच्यात बसून त्यांनाच खातं." ती थांबली. "आत्या? पुसलं नाही ना काही?"

चाळीस वर्षांत आत्याच्या हातून एकही बाळ दगावलं नव्हतं असं नाही. त्या प्रत्येकाचा तिला दिवस आठवत होता. पण साबणाच्या बादलीत, स्वतःच्या हाताने, सांध्यासांध्यातून हुडकून! सुनेने तिच्या हातातून फोन घेतला आणि सगळं सांगितलं.

पलीकडे बाळ रडायचं थांबलं होतं. "एक झाड राहिलंय ना?" कीडताई म्हणाली. "मग बुंध्याची पट्टी सोडून बघा. हळू."

त्या दोघी तशाच उठून गेल्या. सुनेने डोक्यावरून पोतं घेतलं आणि पायाळूच्या झाडाची गाठ सोडली. चादरीच्या आतल्या बाजूला, ग्रीस न लागलेल्या घडीत, कोष चिकटलेले होते. एकाला एक लागून, दाटीवाटीने, प्रत्येकावर स्वतःच्या जुन्या झुपक्यांची गोधडी. शंभरावर होते. वाळक्या पानांच्या गुंडाळीत आणखी होते, सालीच्या भेगेत आणखी. आत्याने बोटाचं टोक एका कोषाजवळ नेलं. कोष आतून हलला.

"जिवंत आहेत," ती म्हणाली. "झाक. वारा लागू देऊ नकोस. झाक लवकर!"

सात दिवस आत्या विहिरीच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून बसली. सकाळी चहा तिथेच, जेवण तिथेच. गांधीलमाशांनाही तिची सवय झाली. येणारा-जाणारा विचारायचा, "आत्या, इथे काय?" ती म्हणायची, "बाळंतपण आहे." आणि लोक आत्याला शोभतं म्हणून पुढे जायचे. मुलगा एकदा येऊन उभा राहिला.

"आई, तीस तारीख बदलणार नाही."

"मी कुठे बदल म्हटलं? तीस तर तीस."

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पहिला कोष पाठीवर उकलला. आतून आलेला भुंगेरा फिकट होता, पंख ओले, पाय एकमेकांत अडकलेले. तो कोषाच्या काठावर नुसता बसून राहिला. आत्याने हात पुढे केला नाही. कधी ओढायचं आणि कधी वाट बघायची, एवढं शिकायलाच तिची सगळी उमर गेली होती. तासाभरात त्याची पाठ काळी झाली, डोकं नारिंगी झालं. मग तो आत्याच्या करंगळीवर चढला.

"ये बाबा," आत्या म्हणाली आणि तिला रडू आलं. मोकळं, मोठ्याने, कोणाचीही पर्वा न करता.

चार दिवसांत सव्वादोनशेच्या वर निघाले. कीडताईने फोनवर सांगितलं होतं, पुढचे दोन पाय नारिंगी असतील तो नर, काळे असतील ती मादी. सून भिंग घेऊन बसली. आत्या शेजारी डब्या घेऊन.

"जन्मभर मुलगा की मुलगी ते मी ओरडून सांगत आले," आत्या म्हणाली. "पण पायावरून पहिल्यांदाच!"

प्रत्येक डबीत एक नर आणि एक मादी. एकशे अकरा डब्या, एकशे अकरा झाडं. सकाळच्या गार वेळी प्रत्येक झाडापाशी जाऊन, झाड ज्याचं त्याचं नाव घेऊन, आत्याने डबी उघडली. पहिल्या फेरीतले जुने भुंगेरेही अजून बागेत होते, पुसताना उडून वाचलेले. पानापानावर जोड्या जमल्या. सून लाजून दुसरीकडे बघायला लागली.

"बघ बघ," आत्या म्हणाली. "तीस तारीख येतेय, त्यांना सांग, लाजायला वेळ नाही."

एक मादी चारशेपर्यंत अंडी घालते असं कीडताई म्हणाली होती. आत्याच्या हिशेबात चाळीस वर्षांत तिने स्वतः एवढी बाळंतपणं केली नव्हती. ती माद्यांकडे मानाने बघायला लागली.

महिना सरत आला तशी बाग पांढरी होत गेली. इतकी पांढरी की रस्त्याने जाणारे गाडी थांबवून बघायचे. मुलगा सकाळी उठायचा, दारातून एकदा बागेकडे बघायचा आणि खाली मान घालून तोंड धुवायचा. त्याला आईच्या पेल्याची गोष्ट सांगून झाली होती. त्याने ऐकून घेतली होती. पण दोन वर्षं ज्याच्या नावाने पंप वाहिला तो पांढरा रंग डोळ्यांसमोर वाढताना बघायचा आणि त्याला चांगलं म्हणायचं, हे त्याला जमत नव्हतं.

तीस तारखेला सकाळी जेसीबी आला. जमीन हादरवत आला आणि चुन्याच्या रेघेवर थांबला. पायाळू वरून खाली बघत होता. सव्वीस वर्षांचा, खांद्याने रुंद, गळ्यात टॉवेल. जन्मताना आत्याला घाम फोडणारे ते पाय आता मोठाल्या बुटांत होते.

"आत्या, बाग पार गेली की हो," तो म्हणाला आणि इंजिन बंद केलं. "माझं कुठलं?"

"विहिरीकडचं. जा, भेटून ये. पोळ्याला जपून."

मुलगा रेघेजवळ उभा होता. "आई, बाजूला हो. काम सुरू करू दे."

"करू दे. आधी हात धुऊन ये."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून. साबणाने धू."

असं आत्या पूर्वी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात नवऱ्यांना सांगायची आणि कोणाची टाप नसायची. तो गेला, हात धुऊन आला. आत्याने त्याचं मनगट धरलं आणि त्याला मास्तरांच्या झाडापाशी नेलं.

"डोळे मीट."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. मीट."

त्याने डोळे मिटले. आत्याने त्याचा साल निघालेला तळहात पानावर ठेवला. दोन वर्षं या हाताला पानांचा एकच अनुभव होता, लावला की चिकटायचा. तो हात पानावरून सरकला. त्याने पान उलटून मागे चोळलं. वरची फांदी ओढून ती चोळली. मग डोळे उघडले, शिंप्याच्या झाडाकडे गेला आणि तिथे पानांवरून हात फिरवला. मग तिसऱ्या झाडावर. मग तो चालायचा थांबला आणि पळायलाच लागला. दोन्ही हात पसरून, रांगेच्या मधून, दोन्हीकडच्या पानांना तळवे घासत, विहिरीपर्यंत गेला आणि परत आला. धापा टाकत दोन्ही हात आईपुढे धरले.

"कोरडे आहेत," तो म्हणाला. "आई, कोरडे आहेत गं!"

"मग हे पांढरं काय आहे?" पायाळूने मागून विचारलं.

"आमची बाळं आहेत," सून म्हणाली. इतक्या मोठ्याने ती सासरी कधी बोलली नव्हती.

मुलाने फांदीवरून एक झुपकेवाला उचलून अंगठ्यावर घेतला. तो अंगठ्यावरून तळहातावर उतरला, साल निघालेल्या जागेवरून मनगटाकडे चालत गेला. मुलगा बघत राहिला. मग रिकाम्या क्रेटवर बसला आणि हसायला लागला. खोकला आला तरी हसतच होता. आत्याने त्याच्या पाठीवर हात फिरवला.

पायाळू डोकं खाजवत उभा होता. "सगळं ठीक आहे, पण मी एवढं धूड घेऊन आलोय. आता काय करू? नुसता परत जाऊ?"

"नुसता कसा जाशील?" आत्या म्हणाली. "एक खड्डा कर. इथे."

तिने चुन्याच्या रेघेवर, शेडचा पहिला खांब जिथे यायचा होता, तिथे पाय आपटला. पायाळूने एका घासात खड्डा केला. एका रोपाला तो चौपट मोठा झाला, म्हणून अर्धा परत बुजवावा लागला. सुनेने पावसाळ्यात पायाळूच्याच झाडाला गुटी बांधली होती, त्याला मुळं फुटली होती. ते रोप लावलं. आत्याने कीडताईला फोन केला.

"तुझ्या मुलीचं झाड लावलंय. तुझं बाळंतपण मी केलं नाही. पण माझ्या बागेचं तू केलंस, म्हणून रोप या वेळी माझ्याकडून."

पुढच्या तोडणीला व्यापारी स्वतः गाडी घेऊन बांधावर आला. एक पेरू उचलून सगळीकडून फिरवला, दुसरा फिरवला. त्याला बोलायला काही सापडेना आणि ते त्याला किती जड जातंय हे सगळ्यांना दिसत होतं.

"आज लग्नाला नाही निघालेत?" मुलाने विचारलं. चार माणसं हसली.

त्याच दिवशी कीडताई मुलीला घेऊन आली. आत्याने बाळ आपल्याकडे घेतलं, मान सावरून खांद्यावर टाकलं आणि तिला तिचं झाड दाखवायला नेलं. रोपाला सहा नवी पानं आली होती. सगळ्यात कोवळ्या पानाच्या देठापाशी कापसाचा एक पांढरा ठिपका होता.

सुनेचा अंगठा चिरडायला पुढे झाला. आत्याने एका हाताने बाळ धरलं आणि दुसऱ्याने सुनेचं मनगट.

"थांब. चालतंय का बघ आधी."

सगळे वाकले. तेवढ्यात ठिपक्याने झुपके हलवले आणि तो देठावरून तुरुतुरु चालायला लागला.